भजनी मंडळासाठी कीबोर्ड घेताना

आम्ही चौदा जणी आहोत. बचत गट आमचाच आणि भजनी मंडळही आमचंच. महिन्याच्या पाच तारखेला हिशेबाची वही उघडते आणि एकादशीला टाळ निघतात. माणसं तीच, फक्त सतरंजी बदलते. आज आम्ही केंद्रावर गायला आलो नाही, ती वही घेऊन आलो आहोत. गेल्या वर्षी आम्ही मंडळासाठी कीबोर्ड घेतला. आपल्याकडे त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, मग त्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो. तो घेताना आम्ही काय काय पाहिलं, कुठं फसता फसता वाचलो आणि कुठं खरंच फसलो, ते सांगायला आलो आहोत. कारण त्यानंतर आजूबाजूच्या तीन गावांतल्या बायकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "कुठला घेऊ गं?"

आधी कारण सांगतो. आमच्या मंडळात पेटी अक्का वाजवतात. आमच्यातल्या निम्म्या जणी लग्न होऊन या गावात आल्या तेव्हाही अक्काच वाजवत होत्या. दोन वर्षांमागे पावसाळ्यात ओट्यावरून त्यांचा पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्या हाताला भाता हलवण्याची ताकद काही परत आली नाही. पेटीचं तर सगळं त्या डाव्या हातावरच असतं. उजवा हात कितीही तयार असला तरी भात्याशिवाय सूर निघत नाही. आम्ही दुसरीला समोर बसवून भाता मारायला लावून पाहिलं. पण गाणारीचा श्वास कुठं तुटतो, कुठं जोर हवा, ते वाजवणारीच्या मनगटाला कळतं, समोर बसलेलीला नाही. अक्का चार-पाच महिने मागच्या रांगेत टाळ घेऊन बसल्या. एका एकादशीला आल्याच नाहीत. पुढच्या एकादशीलाही नाहीत. तेव्हा कुणीतरी म्हणालं, भात्याशिवायची पेटी मिळते की! म्हणजे कॅसिओ.

बैठकीत विषय निघाला आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. आमची ढोलकी मावशी वाजवते. बारसं, डोहाळजेवण, हळद अशा कार्यक्रमांची बिदागी आम्ही सारखी वाटून घेतो, आणि मावशीच्या घरी त्या पैशाला किंमत आहे. ती सरळ म्हणाली, "त्या यंत्रात ढोलकीसुद्धा असते. आज भाता गेला, उद्या माझी ढोलकी जाईल. मग मी काय टाळ्या वाजवू?" कुणाला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी ठराव झालाच नाही. नुसता चहा पिऊन उठलो.

मावशीचं म्हणणं खोटं नव्हतं. हे वाद्य नुसतं सूर काढत नाही. दुकानदार ज्याला 'अरेंजर' म्हणतात त्यात आत तयार ठेके भरलेले असतात. त्याला 'स्टाइल' किंवा 'रिदम' म्हणतात. बटण दाबलं की ठेका सुरू होतो. डाव्या बाजूच्या पट्ट्यांवर दोन-तीन सूर एकत्र दाबले की त्या सुरांना धरून गिटार, बेस, व्हायोलिनची साथही मागून येते. सुरुवातीला वाजवायचा तुकडा, मध्ये भरायचा तुकडा, शेवटचा तुकडा, सगळ्यांना वेगळी बटणं. एकटा माणूस पाच जणांची साथ उभी करतो, म्हणून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हे चालतं.

आता हे भजनाला चालतं का? पुढच्या सगळ्या निवडीचं मूळ इथं आहे. ती डाव्या हाताची साथ पाश्चात्त्य पद्धतीची असते. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकत्र दाबली म्हणजे आपल्या भाषेत सा, शुद्ध ग आणि प झाले. कोळीगीत, सिनेमातलं गाणं, शाळेतलं समूहगीत यांच्यामागे ते छान वाटतं. पण भैरवीत अभंग गाताय आणि मागून यंत्र शुद्ध गंधार लावतंय, तर तुमच्या कोमल गंधाराशी ते भांडतं. आम्ही दुकानात हे करून पाहिलं. अक्कांनी कानावर हात ठेवले. दुकानातल्या मुलाला वाटलं आवाज मोठा झाला, त्याने बारीक केला.

यावर उपाय आहे. साथीचं बटण बंद ठेवलं की नुसता ठेका वाजतो, सूर येत नाहीत. भजनाला तेवढाच घ्यायचा. काही कीबोर्डांवर डाव्या हाताने फक्त सा आणि प दाबले तरी चालतं, मग साथ गंधाराला हात लावत नाही. दुकानात हे दोन्ही करायला सांगा. विकणाऱ्याला जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणा.

ठेक्यांचंही तसंच. खोक्यावर दोनशे रिदम लिहिलेले असतात. त्यांतले बहुतेक चार मात्रांच्या पटीतले, परदेशी नाचगाण्यांचे. केरवा आठ मात्रांचा, तो कशात तरी बसतो. दादरा सहाचा, तोही सापडतो. रूपक सातचा, तिथं शोधाशोध होते. आपला भजनी ठेका आठ मात्रांचाच, पण त्याची चाल केरव्याची नाही, हे मावशीने तिथं उभ्या उभ्या टेबलावर वाजवून दाखवलं. म्हणून आम्ही तुम्हाला सांगतो, आकड्याला भुलू नका. "दादरा लावा, केरवा लावा, रूपक लावा," असं नाव घेऊन मागा आणि एक अख्खं कडवं त्यावर गाऊन बघा. मग लय कमी करायला सांगा. जलद लयीत सगळेच ठेके बरे वाटतात. संथ अभंगाच्या लयीला आणले की बरेचसे तुटक पडतात, पावसात थेंब पडल्यासारखे.

या कंपन्या मूळच्या जपानच्या. यामाहाची गोष्ट आम्हाला फार आवडली. १८८७ साली हामामात्सू गावच्या शाळेतला ऑर्गन बिघडला होता, तो तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्त केला आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला लागला. तो ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात पायाने भाता मारून वाजवायचे, त्या जातीचा. पेटीचा चुलतभाऊच म्हणा. कॅसिओ ही हिशेबाची यंत्रं, कॅल्क्युलेटर करणारी कंपनी. तिने १९८० मध्ये कीबोर्ड बाजारात आणले आणि ते इतके पसरले की आपण सगळ्याच कीबोर्डला तिचं नाव दिलं. कॉर्ग १९६२ ची आणि रोलँड १९७२ ची.

यामाहा आणि कॅसिओ भारतासाठी वेगळी मॉडेलं काढतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. ओळखायची खूण सोपी आहे. यामाहात पीएसआरच्या पुढे 'आय' असतो, जसं पीएसआर-आय ५००. कॅसिओत आकड्याच्या शेवटी 'आयएन' असतं, जसं सीटी-एक्स ८७० आयएन किंवा ९००० आयएन. या मॉडेलांत पेटी, सतार, सनई, तबला असे आवाज आणि आपले ठेके घातलेले असतात. यामाहाच्या 'आय' मध्ये रियाझ नावाची सोय आहे. तानपुरा आणि तबला एकत्र लावून सराव करता येतो. ती आम्हाला फार गोड वाटली, खोटं कशाला बोला. तेव्हा पैसे देण्यापूर्वी ती दोन अक्षरं पाहा. त्याच किमतीत, तशाच दिसणाऱ्या खोक्यात परदेशी वळणाचं मॉडेल गळ्यात पडू शकतं, आणि त्यात सापडतात नाताळची गाणी.

एका दुकानात आम्हाला रोलँडचा एक्सपीएस-१० दाखवला. आवाज ऐकून आम्ही गारच झालो. सतार म्हणजे सतार. घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मग अक्कांनी विचारलं, "आवाज येतोय तो कुठून?" बघतो तर बाजूला मोठा स्पीकर जोडलेला. त्या वाद्याला स्वतःचा स्पीकरच नाही. शिवाय ते अरेंजर नव्हे. डाव्या हाताने सूर धरले की मागून साथ येते, तसं त्यात नाही. ते सिंथेसायझर, मंचावर वाजवणाऱ्या कलाकारांसाठी. वाद्यात खोट काही नाही, पण देवळात सतरंजीवर बसून वाजवायला ते आमच्या काय कामाचं? दाखवणाऱ्याने आपणहून हे सांगितलं नव्हतं, एवढंच. तेव्हा कुठलाही कीबोर्ड ऐकताना आधी मागची वायर कुठं जाते ते बघा.

वरच्या पायरीला यामाहाची एसएक्स आणि कॉर्गची पीए मालिका. त्यांत स्वतःचा ठेका बनवून ठेवता येतो. यामाहाच्या एसएक्स ७००, ९०० ला आणि कॉर्ग पीए ७०० ला माइकही थेट जोडता येतो. पण त्यांची किंमत लाखाच्या घरात. एसएक्स ७०० चं वजन साडेअकरा किलो, आणि सेलवर ती चालत नाही. ऑर्केस्ट्रा काढायचा असेल तर बघा. आम्ही हात लावून नमस्कार केला आणि पुढे गेलो.

सेलचं मात्र आम्ही फार बघितलं. आमच्याकडे नेमकी आरतीच्या वेळेला वीज जाते. कॅसिओच्या सीटी-एक्स ८७० आयएनला टॉर्चचे सहा जाड सेल लागतात. यामाहाच्या हल्लीच्या पीएसआर-ई मालिकेतल्या छोट्या मॉडेलांना सहा पेन्सिल सेल. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. जाड सेल तालुक्याहून आणावे लागतात, पण टिकतात. आता गंमत बघा. कॅसिओचाच मोठा ९००० आयएन, त्याचे स्पीकर पंधरा-पंधरा वॅटचे, म्हणजे सभामंडपाला पुरतील असे. पण तो सेलवर चालतच नाही. लहान ८७० चे स्पीकर अडीच-अडीच वॅटचे. घरातल्या भजनाला ठीक, मंडपात कमी. म्हणजे आवाज हवा तर वीज हवी, आणि विजेशिवाय हवं तर आवाज कमी. दोन्ही आमच्या पैशांत मिळत नव्हतं.

आता आमच्या फसण्याची गोष्ट. नवा घेण्याआधी सराव व्हावा म्हणून एकीच्या भाच्याचा जुना कॅसिओ मागून आणला होता. त्याचा अडॅप्टर त्याच्याकडेच राहिला. एकीच्या घरात दुसऱ्या कीबोर्डचा अडॅप्टर होता, पिन बसली, आम्ही लावला. थोडा वास आला आणि कीबोर्ड गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं जळलं. चूक आमचीच. कॅसिओच्या सीटी-एक्स ८७० ला साडेनऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांना बारा व्होल्टचा. त्याच कॅसिओच्या ९००० आयएनला चोवीस व्होल्टचा. पिन बसते म्हणून वीज बसते असं नाही, आणि कंपनी तीच म्हणून अडॅप्टर तोच असंही नाही. भाच्याला आम्ही पैसे भरून दिले. ते कुठून दिले? चौदा जणींनी वर्गणी काढली. गटाच्या बचतीला हात लावला नाही. आता आमच्या अडॅप्टरला लाल फडकं बांधलेलं आहे आणि तो कीबोर्डच्या पिशवीबाहेर राहत नाही.

जुना घ्यायचा विचार असेल तर एवढं करा. आवाज मध्यम ठेवून डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या एकेक करून सारख्याच जोराने दाबा. एखादी मुकी निघते, एखादी एकदम ओरडते. पट्टीखालचं रबर आणि काळा थर खराब झाला की असं होतं. सेलचा कप्पा उघडून हिरवा-पांढरा गंज बघा. अडॅप्टरची पिन हलवून बघा, आवाज तुटला तर जोड सैल आहे.

पट्ट्यांचंही बघायला हवं. पेटीला साधारण साडेतीन सप्तकं असतात, या कीबोर्डांना एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं. छत्तीस-सदतीस बारीक पट्ट्यांचे मिळतात ते मुलांचे. अक्कांचं बोट त्यांवर दोन पट्ट्यांवर पडतं. 'टच' नावाची सोय असते, जोरात दाबलं तर मोठा आवाज, हळू दाबलं तर लहान. पेटीच्या सवयीच्या हाताला ती त्रास देते, कारण पेटीत जोर भात्यात असतो, बोटात नाही. ती बंद करता येते का ते विचारा. आम्ही बंदच ठेवतो. आवाज लहान-मोठा करायचा तर पायाने दाबायचं पेडल किंवा बटण. अक्का म्हणतात, पंचवीस वर्षं मनगटाने केलं ते आता बटणाने करायचं म्हणजे पोळी चमच्याने खाल्ल्यासारखं वाटतं. पण करतात.

ट्रान्सपोज समजून घ्या, याचा आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग झाला. आमच्या जुन्या जणी काळी चारमध्ये गातात. नव्या सुनांचा गळा वर, त्या काळी पाच मागतात. अक्कांच्या बोटांना काळी चारची सवय. मग ट्रान्सपोज दोनने वाढवायचा. एक म्हणजे एक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही मोजून. काळी चार, मग पांढरी सहा, मग काळी पाच, झाले दोन. बोटं जुन्याच जागी, सूर वरचा. एखादीला फक्त पांढरी एकपासून वाजवता येत असेल आणि गायचं काळी चारला असेल, तर आठने वाढवा किंवा चारने कमी करा. सूर तोच, सप्तक वेगळं.

हे आम्ही दुकानात कौतुकाने बघत होतो, तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलली. "तुम्ही बटण दाबून काळी पाचला जाल. माझी ढोलकी काळी चारला लावलेली आहे, ती बटणाने जात नाही. तिला चढवायला मला वेळ द्या, नाहीतर बेसूर होईल." आम्ही गप्प. दुकानातला मुलगाही गप्प. मग ठरलं की कार्यक्रमात आधी काळी चारची सगळी गाणी, मध्ये चहा, मग काळी पाचची. चहाच्या वेळात मावशी ढोलकी चढवते.

शेवटी आम्ही कॅसिओचा सीटी-एक्स ८७० आयएन घेतला. कारणं सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमची लावता येतील. तो सेलवर चालतो. वजन साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे एक बाई एसटीत घेऊन जाऊ शकते. कार्यक्रमांच्या बिदागीतून बाजूला काढलेल्या पैशांत बसला. आणि अक्कांनी डोळे मिटून तीन कीबोर्डांवरची पेटी ऐकली, हात वर करून याच्याकडे दाखवलं. तानपुरा यामाहाचा आवडला होता, पण पैसे पुरत नव्हते. तुमच्याकडे वीज भरवशाची असेल किंवा शिकणाऱ्या मुली जास्त असतील, तर तुमचं उत्तर वेगळं येईल. मंडपात आम्ही त्याची वायर साउंडवाल्याच्या मशीनला जोडतो. त्यासाठी वायर वेगळी घ्यावी लागते, तिचे पैसे आधीच धरा. स्टँड आणि पिशवीचेही.

घेण्याआधी वहीत ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. कीबोर्ड अक्कांच्या घरी राहील. कुणाच्या पोराला वाढदिवसाला मिळणार नाही. मोडला तर खर्च मंडळाचा, पण परस्पर नेला तर नेणारीचा. बिल आणि वॉरंटीचा कागद हिशेबाच्या वहीला टाचलेला आहे. आणि शेवटची ओळ मावशीने सांगितली तशी लिहिली, "मावशी असताना यंत्राचा ठेका लागणार नाही, आणि बिदागीत वाटे चौदाच."

यंत्राचा ठेका वाजतो तो अक्कांच्या घरी, सरावाला. दुपारी दोन सुना शिकायला बसतात, तेव्हा दादरा लावून ठेवतात. परवा मावशी तिथं गेली होती. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, "हा दमत नाही, पण समेवर येऊन बघतही नाही कुणाकडे." आणि त्याच दादऱ्यावर ढोलकी घेऊन बसली, त्याच्याशी भांडत.

गेल्या आषाढी एकादशीला अक्का पुढच्या रांगेत होत्या. पहिल्या अभंगाला सवयीने त्यांचा डावा हात मागे भात्याकडे गेला, मग हसल्या आणि तो हात मांडीवर ठेवला. वीज नेहमीप्रमाणे दुसऱ्या अभंगाला गेली. सेल घातलेलेच होते.

कुणाला हात लावून बघायचं असेल तर एकादशीला संध्याकाळी आमच्याकडे या. येताना तुमची काळी-पांढरी ठरवून या, म्हणजे मावशीला ढोलकी लावून ठेवता येईल.